मला धरून

गावाला बस एकच, आणि तीही बंद करायची म्हणून कचेरीतून कागद आला. पाचशेच्या आत वस्ती असली तर बस परवडत नाही म्हणे. आठ दिवसांत माणसं मोजून कळवा. मोजणार कोण? शाळेच्या बाई. किचकट काम निघालं की गावाला बाईच आठवतात, त्यात नवीन ते काय!

बाईंचं मात्र या बसवर बरंच काही अडून होतं. त्यांची लेक याच बसनं शहरात नर्सिंग शिकायला जायची. शेवटचं वर्ष होतं. बस गेली की पोरगी घरी बसणार, एवढं सरळ होतं.

उन्हातान्हात वही काखेत मारून बाई दारोदार फिरल्या. पुरुष कामावर, त्यामुळे बहुतेक घरांत दारात यायची ती घरातली बाई. "किती जण गं घरात?" विचारलं की ती बोटांवर मोजायची. "हे, सासरे, दोन पोरं. चार." बाई लिहायच्या चार. चौऱ्याण्णव घरं झाली आणि बेरीज आली चारशे एकतीस. तीनदा केली. मेली जागची हलेना. शेवटी तोच आकडा कचेरीला कळवला.

संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत होत्या. "आपल्या घरची किती लिहिलीस?"

"चार. तुम्ही, मामंजी, हे आणि आपली लेक."

सासूबाईंनी मान वर केली. "आणि तू गं? तू काय भाड्यानं राहतेस इथं?"

बाई चाट पडल्या. मग कपाळावर हात मारला. साऱ्या गावाच्या पोरांना गणित शिकवलं, आणि स्वतःलाच मोजायला विसरल्या! तशीच वही उघडली. सुतारीण स्वतःला विसरली होती. शिंपीण विसरली होती. जिनं म्हणून उत्तर दिलं होतं, ती प्रत्येक जण.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा निघाल्या. "अय्या, मलाही धरायचं होतं का?" सुतारीण म्हणाली.

"मग? पाहुणी आहेस का तू?" बाई खेकसल्या, पण राग तिच्यावर नव्हता, स्वतःवर होता.

आपलं घर धरून अशा ऐंशी निघाल्या. पाचशे अकरा! बाईंनी नवा आकडा कळवला, तर कचेरीतून साहेबांचा फोन. "चार दिवसांत ऐंशी माणसं वाढली? आम्हाला काय खुळं समजता? मी स्वतः येतो."

"या ना," बाई म्हणाल्या.

साहेब सकाळच्या बसनं उतरले आणि जागीच थबकले. थांब्यापासून शाळेपर्यंत रस्त्याच्या कडेनं बायका उभ्या होत्या. कुणी हातातलं काम टाकून आलेली, कुणी धुण्याचे ओले हात पदराला पुसत. साहेब एकेकीपुढे जात आकडा बोलायचे आणि त्या ताठ मानेनं "हो, मी" म्हणायच्या. ऐंशी भरल्या तेव्हा बाईंचे डोळे भरून आले. आपल्या गावाचा असा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता.

साहेबांनी घसा खाकरला आणि कागदावर सही केली. बस चालू राहणार!

साहेबांना परत न्यायला बस थांब्यावरच उभी होती, पण बायकांची रांग काही मोडेना. सुतारीण पुढे झाली. "बससाठी एवढा आटापिटा केला, आणि आमच्यातल्या निम्म्या जणी तिच्यात कधी चढल्याही नाहीत. आज जाऊन येतो."

ड्रायव्हर हडबडला. "अहो ताई, एवढ्या मावणार नाहीत! दोन फेऱ्या लागतील."

"मग कर दोन."

साहेबांनी मुकाट्यानं दारातून बाजूला होऊन वाट दिली. सासूबाईंनी खिडकीची जागा पटकावली, बाई शेजारी बसल्या. तेवढ्यात मामंजी धापा टाकत आले. "अगं, सगळ्याच निघालात? मग घरी राहिलं कोण?"

सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुम्ही मोजा!" त्या म्हणाल्या, आणि बस सुटली.