डेरेकच्या नावावरची नऊ वर्षं

डॅनिकाचं पेन्शन अडकलं ते माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "इर्मा, तुझा काय दोष त्यात" असं म्हणायला नको. दोष माझाच आहे.

अमेरिकेतल्या यंगस्टाउनात मी चौतीस वर्षं लोकांच्या कराचे कागद भरून देतेय. बंद पडलेल्या एका बेकरीच्या पुढच्या खोलीत माझं टेबल आहे. जानेवारी ते एप्रिल तिथे बसायला जागा नसते. प्लंबर येतात, ट्रकवाले येतात, केस कापणाऱ्या येतात, पावत्या बुटांच्या खोक्यात कोंबून आणतात आणि मी त्यांना बोल लावत लावत त्यांचे कागद लावून देते. मला सगळे टरकून असतात. डॅनिका तेवढी कधी टरकली नाही. ती ऑल्गाची मुलगी, आणि ऑल्गा माझी शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून डॅनिका मला तेता म्हणते. आमच्या स्लोव्हाक घरांत मावशीला तेता म्हणतात आणि आईच्या मैत्रिणीलाही. ऑल्गा गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. पोरीकडे लक्ष दे, म्हणाली. दिलं की. असं लक्ष दिलं की पोरीचं वाटोळं केलं.

नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत डॅनिका एक कागद घेऊन आली. कुठल्याशा कंपनीने वर्षभरात तिला किती पैसे दिले त्याचा कागद.

"ही कसली कंपनी?" मी विचारलं.

"वेबसाइट आहे. मी घरून कॅमेऱ्यासमोर बसते, तेता. लोक बघतात, पैसे देतात."

"कॅमेऱ्यासमोर बसून करतेस काय?"

"गप्पा मारते. हसते. कपडे काढते."

मी केक करून विकते असं कुणी सांगावं, तसं तिने सांगितलं. मी उठून दार लावलं. बाहेर चिटपाखरू नव्हतं, तरी लावलं.

"आणि इथे व्यवसाय म्हणून काय लिहू?"

"आहे ते लिहा. वेबकॅमवर कार्यक्रम करते, म्हणून लिहा. सात वर्षं मी नखांच्या दुकानात बायकांचे पाय घासले. मालकाने रोख पैसे हातावर टेकवले. कागदावर मी कुठेच नव्हते. आता माझा धंदा आहे. करातला मालकाचा वाटाही मीच भरायचा आणि नोकराचाही मीच, तर भरते. पण नाव माझं घाला."

तिला लाज नव्हती. लाज मला होती. ऑल्गाच्या मुलीच्या नावापुढे मी माझ्या हाताने हे लिहायचं? करखात्यात कोण बसलंय वाचायला, कुणी नाही. पण मी वाचणार होते ना दर वर्षी.

"हे बघ," मी म्हटलं, "तू आणि डेरेक नवरा-बायको म्हणून कर एकत्रच भरता. घरात पैसा एकच. त्याच्या नावावर फोटोग्राफीचा धंदा दाखवू. कर तेवढाच बसतो, पै कमी नाही की जास्त नाही. कशाला उगाच?"

"पण फोटोग्राफी तो करत नाही. तो टायर बदलतो."

"मला शिकवतेस?"

ती थोडा वेळ वाद घालत होती. मग म्हणाली, "बरं तेता. तुम्हाला जास्त कळतं."

ते वाक्य मला अजून जेवू देत नाही.

नऊ वर्षं असंच चाललं. वर्षातून चारदा हप्ता, एकदाही चुकला नाही तिचा. इंटरनेटचं बिल, दिवे, तीन विग, सगळं ती वहीत लिहून आणायची. विगना मी "फोटोचं साहित्य" म्हटलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. खाली डेरेकची सही, तिची सही आणि कर भरून देणारी म्हणून माझी.

मग तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मग हातातून कप पडायला लागले. डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. मज्जातंतूंचा आजार, बरा न होणारा. डेरेकला दुसरी कुणी सापडली, या जानेवारीत घटस्फोट झाला आणि लगेच त्याचं दुसरं लग्नही. डॅनिकाने सरकारकडे अपंगांच्या पेन्शनसाठी अर्ज केला. मी म्हटलं, मिळेलच, इतका कर भरलायस.

लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांतला, शुक्रवार होता. मी चर्चमध्ये मासे तळायला जायच्या गडबडीत होते. डॅनिका काठी टेकत आली आणि सरकारचं पत्र माझ्यापुढे ठेवलं.

"तेता, यात लिहिलंय की मी आयुष्यात कधी काम केलेलं नाही."

मी खुर्चीत बसले आणि पत्र पुन्हा वाचलं. कर भरला की कामाचे गुण मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. तिच्या वयाला हे पेन्शन हवं तर गेल्या दहा वर्षांत वीस गुण पाहिजेत. आणि गुण मिळतात ते ज्याच्या नावावर धंदा त्याला. नऊ वर्षांचे सगळे डेरेकला गेले होते. तिचा आकडा शून्य. चौतीस वर्षं मी हे लोकांना समजावून सांगतेय आणि तिच्या वेळी ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त गाव काय म्हणेल एवढंच होतं.

सोमवारी मी तिला घेऊन पेन्शनच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या पोराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, गेल्या तीन वर्षांचं पुराव्यावर दुरुस्त होईल, कंपनीचे कागद आहेत आणि तुम्ही जबाब द्या. त्याआधीच्या वर्षांची मुदत गेली. ते हलवायचं तर ज्याच्या खात्यात गेलंय त्यानेच लिहून द्यायला हवं की काम माझं नव्हतं, तिचं होतं.

म्हणजे डेरेक.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याच्या टायरच्या दुकानात गेलो. तो मागच्या बाजूला उलट्या बादलीवर बसून सँडविच खात होता. डॅनिकाला काठीबरोबर बघून उठला, बादली तिच्याकडे सरकवली. वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मी कागद पुढे केला. त्याने दोनदा वाचला.

"म्हणजे मी नऊ वर्षं खोट्यावर सही केली, असं मी सरकारला लिहून देऊ?"

"मीही देतेय," मी म्हटलं.

"तुमचं वय सदुसष्ट, तेता. तुमचं काय जाणार? माझी ही नवी बायको, तिचे वडील चर्चमध्ये डीकन, पाद्र्याच्या हाताखालचे. तिला मी सांगितलंय डॅनिका फोनवर नोकरी करायची." तो डॅनिकाकडे न बघता बोलत होता. "आणि माझं म्हातारपणाचं पेन्शन त्याच वर्षांवर आहे. इथला मालक कागदावर माझा पगार किती कमी दाखवतो ठाऊक आहे तुम्हाला."

"डेरेक," डॅनिका म्हणाली, "ती वर्षं तुझी नव्हती."

"दिवे मी लावून दिले होते."

"एकदा. पहिल्या दिवशी."

"पण कागद तसं म्हणत नाही ना. कागद कुणी केला ते यांना विचार."

मला त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं आणि त्याने खोटं तर काही सांगितलं नव्हतं. डॅनिका उठायला लागली तर गुडघा वळेना. शेवटी त्यानेच तिला दंडाला धरून गाडीपर्यंत आणलं, पट्टा लावून दिला आणि आत निघून गेला. सही केली नाही.

मी माझा जबाब लिहिला. सगळं लिहिलं, लाज वाटली म्हणून केलं हेसुद्धा. दुसऱ्यांच्या कराचे कागद भरायचं बंद करावं लागेल असं करखात्याने मला कळवलं. झालं ते बरंच झालं. जूनमध्ये डॅनिकाला पत्र आलं: तीन वर्षं तिच्या नावावर आली. बारा गुण.

आठ कमी. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे अजून दोन वर्षं. माझ्याच्याने काम होत नाही हे पटवायला मला आधी दोन वर्षं काम करावं लागणार."

"मी देते तुला दर महिन्याला. घर विकते."

"तुमच्या पैशाचे गुण मिळतात का, तेता?"

नाही मिळत. कमाई तिची स्वतःची लागते. वर्षाला सात-आठ हजार डॉलर मिळवले तरी चार गुण पदरात पडतात, एवढाच काय तो दिलासा.

म्हणून आता मंगळवार-गुरुवार सकाळी मी तिच्याकडे जाते. रात्री गिऱ्हाईक जास्त असतं, पण तिचे हात सकाळीच काय ते थोडे चालतात. तिला बटणं लावता येत नाहीत, म्हणून कॅमेऱ्यासमोर काढायची ती बटणं मी लावते. विग बसवते. दिवे सुरू करते. मग दार ओढून घेते आणि स्वयंपाकघरात बसते.

नऊ वर्षं मी तिच्या कामाचे पैसे मोजले, पण काम कधी ऐकलं नव्हतं. आतून तिचं हसणं ऐकू येतं. हात थरथरला की ती त्या लोकांना सांगते, आज सकाळीच दोन पेग झालेत हं, सांभाळून घ्या. ते हसतात, ती हसते. मी तिला विचारलं, असं का सांगतेस, तू तर थेंब घेत नाहीस. ती म्हणाली, आजारी बाईला बघायला कोण पैसे देतं?

गेल्या गुरुवारी मी तिला खोट्या पापण्या चिकटवत होते. तिचा चेहरा माझ्या इतका जवळ होता की तिचा श्वास माझ्या चष्म्यावर येत होता. अगदी ऑल्गाचे डोळे. मला राहवेना.

"एकदा तरी मला शिवी दे गं," मी म्हटलं. "चार लोकांसारखी भांड माझ्याशी. काहीतरी बोल."

तिने डोळे मिटून घेतले आणि हनुवटी वर केली.

"हात हलवू नका, तेता," ती म्हणाली. "पापणी वाकडी बसेल."