माझ्या अंगावरचा निळा नऊ

मित्रांनो, मी एक जुना मॉड्युलेटर आहे, आणि जुना म्हणजे निकामी अशी तुमची समजूत असेल तर ती इथेच सोडून द्या. माझे वय तिशीच्या घरात आहे. पत्र्याला पोचे आले आहेत, एक बटण गळून पडले आहे आणि दर्शनी बाजूला निळ्या रंगाने भला मोठा नऊ लिहिलेला आहे. तो नऊ खोटा आहे. त्याच्यापायी मी भंगारात मोडता मोडता वाचलो आणि अठरा खाटांवरच्या म्हाताऱ्या माणसांचे रामाचे लग्न हुकता हुकता राहिले. ती हकीकत तुम्हाला सांगतो.

आधी माझे काम समजून घ्या. तुमच्या घरी आता एका छोट्या डब्यातून शेकडो चॅनेल येतात. आमच्या काळी एका चॅनेलला एक पेटी लागे. कॅमेऱ्यातून किंवा कॅसेटमधून आलेले चित्र घ्यायचे, त्याला तारेत त्याच्या ठरलेल्या जागी बसवायचे आणि घरोघरी धाडायचे, हे मॉड्युलेटरचे काम. पंगतीत प्रत्येकाला त्याच्या पाटावर बसवणारा एक माणूस असतो ना, तसेच. माझा पाट चौथा. जन्मापासून चौथा, आजही चौथाच.

हैदराबादच्या एका गल्लीत, शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या माडीवर माझा जन्म झाला. नफीसा आपा नावाच्या बाईंनी माझ्या पोटातली तांब्याची वेटोळी हाताने गुंडाळली. एकेक वेढा काडीने जरासा सरकवून त्या समोरच्या टीव्हीकडे बघत, पुन्हा सरकवत. चित्र स्वच्छ झाले तेव्हा त्यांनी झाकणाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने चार लिहिला आणि खाली आपली छोटीशी सही केली. झाकण लागल्यावर तो आकडा कोणाला दिसणार नव्हता. पण बाई कामाच्या पक्क्या होत्या. माझी खरी जन्मपत्रिका तीच.

मला विकत घेतले आंध्रातल्या अमलापुरमच्या भद्रम यांनी. बसमध्ये त्यांनी मला जे मांडीवर घेतले ते गोदावरी ओलांडून गाव येईपर्यंत खाली ठेवले नाही. भातगिरणीच्या माडीवर त्यांची केबलची खोली होती. आमच्याकडे खांबांपेक्षा नारळ जास्त, म्हणून तारा नारळांवरूनच गेलेल्या. भद्रमचा लाइनमन नूकराजू हा मुळात नारळ उतरवणारा गडी. शिडी नको, दोर नको, ओठ दातांत धरून सरसर वर जायचा आणि तार बांधून, येताना चार शहाळी घेऊन उतरायचा.

मी त्या गावाचे स्वतःचे चॅनेल झालो. भद्रम रामाचे मोठे भक्त. रामाची तिथी नवमी, म्हणून आपले चॅनेल प्रत्येक घरात नऊ नंबरच्या बटणावरच लागले पाहिजे, असा त्यांचा हट्ट. नूकराजू घरोघर गेला. प्रत्येक टीव्हीवर माझी चौथी जागा शोधायची आणि ती नऊ नंबरच्या बटणाखाली साठवून द्यायची. काम पाच मिनिटांचे, पण घरची बाई पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, खाल्ल्याशिवाय सोडत नसे, त्यामुळे सगळे गाव पुरे व्हायला दीड महिना लागला. मग भद्रमनी घराच्या दाराचा उरलेला निळा रंग घेतला आणि माझ्या अंगावर ऐटीत नऊ काढला. खोलीतल्या इतर पेट्यांवरही त्यांनी लोकांच्या बटणांचेच आकडे घातले. माझ्या आत चार आहे, हे हळूहळू तेही विसरले आणि नूकराजूही.

मला त्याचे काही वाटले नाही. कामाला तोटा नव्हता. हरवलेली म्हैस, नळाच्या पाण्याची वेळ, शाळेचे संमेलन, गावातली लग्ने, सारे माझ्यातून गेले. एका वादळात दोन दिवस भद्रम कॅमेऱ्यासमोर बसून कोणता बांध फुटला आणि कोणत्या शाळेत जेवण आहे ते सांगत होते, आणि जनरेटरच्या जोरावर मी ते नऊशे घरांत पोचवत होतो. लोक म्हणत, भद्रमच्या चॅनेलवर चित्र कसे आरशासारखे असते! शाबासकी भद्रम घेत. मला दसऱ्याला झेंडूची माळ आणि वर्षाकाठी एक फडके मिळे. तरी मी खूश होतो. आपले काम चोख आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला माळ लहान आहे की मोठी याची पर्वा नसते.

पण माझा खरा दिवस रामनवमीचा. त्या दुपारी देवळात सीतारामाचे लग्न लागे आणि ते मी घरोघर नेई. ज्यांना देवळापर्यंत चालवत नसे ते टीव्हीपुढे हळदीचे तांदूळ मुठीत धरून बसत. आमच्याकडे त्यांना तलंब्रालू म्हणतात. नवरानवरी एकमेकांच्या डोक्यावर ते ओतू लागली की ही मंडळी टीव्हीवर उधळत. दुसऱ्या दिवशी नूकराजू दुरुस्तीला गेला की टीव्हीच्या पाठीतून पिवळे दाणे निघायचे.

मग सरकारी हुकूम आला आणि घरोघरी नवे डबे बसले. एका सकाळी माझी तार काढली. पुढे भद्रमची बायको गेली, मुलगा परदेशी स्थायिक झाला, आणि एका झटक्यात भद्रमचे दोन्ही पाय लुळे पडले. ते देवळामागच्या वृद्धाश्रमात राहायला गेले. माझ्यासह खोलीतले सगळे सामान रावुलपालेमच्या वेंकायम्मा नावाच्या भंगारवालीकडे गेले. टेम्पो भरताना भद्रम आलेच नाहीत. तेव्हा मला राग आला होता. आता नाही येत.

पुढची थोडी हकीकत मी नंतर नूकराजूच्या तोंडून ऐकली. आश्रमात जाऊन स्वस्थ बसतील ते भद्रम कसले! गावातल्या लोकांनी टाकून दिलेले अठरा जुने टीव्ही त्यांनी मागून आणले, कुठून तरी चौथ्या चॅनेलचा एक मॉड्युलेटर मिळवला, आणि देवळातल्या कॅमेऱ्याची तार भिंतीवरून ओढून घेतली. त्या टीव्हींचे रिमोट कधीच हरवलेले, बटणे निघालेली. चौथ्यावर लावले ते लावले, आता बदलायची सोय नाही. दर नवमीला अठरा खाटांवर अठरा मुठी तांदूळ घेऊन तयार असत. त्यात शेषम्मा नव्वदीच्या. खाटेवरून उठून चार वर्षे झालेली. भद्रमनी त्यांना शब्द दिला होता, "तुम्ही आहात तोवर लग्न चुकणार नाही."

यंदा नवमीला पाच दिवस असताना वीज कोसळली आणि तो मॉड्युलेटर जळाला. नवे टीव्ही घ्या, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले, घेऊन देणारा एकही नाही. भद्रमनी नूकराजूला बोलावले. आता तोही पन्नाशीचा. काकिनाडा झाले, राजमहेंद्रवरम झाले. दुकानदार हसत. एकाने तर सांगितले, "असली पेटी पाहिजे असेल तर तुझ्या आजोबांना विचार." शेवटी नवमीच्या दोन दिवस आधी तो वेंकायम्माच्या आवारात येऊन उभा राहिला.

मी त्याला लगेच ओळखले. आठ वर्षे मी तिथे फुटक्या पंख्यांखाली पडून होतो.

"अक्का, केबलच्या जुन्या पेट्या आहेत का? चार नंबरची पाहिजे."

"तम्मुडू, इथे लोक नवराच तेवढा मागायचा बाकी ठेवतात," वेंकायम्मा म्हणाली. ती सगळ्यांनाच धाकटा भाऊ म्हणे. "त्या ढिगात बघ. उद्या परवात सगळं फोडायचंय. आत तांबं आहे."

तो वाकला. त्याने मला उचलले. तेच हात, फक्त बोटे जाड झालेली. माझे सारे अंग मोहरले. "अरे, हा तर आपला नऊ!" तो म्हणाला, अंगठ्याने धूळ पुसली, आणि मला खाली ठेवले. त्याला चार पाहिजे होता. माझ्याशेजारी चार लिहिलेली पेटी होती, तिच्यावर पूर्वी सिनेमे लागत. ती काखोटीला मारून तो निघून गेला.

मित्रांनो, बोलता न येण्याचे दुःख काय असते ते मला त्या दिवशी कळले. तुला पाहिजे तो मीच आहे रे, मूर्खा, असे मी आठ वर्षांच्या धुळीतून ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेंकायम्माच्या गड्याने मला दगडावर घेतले. झाकणाचे दोन स्क्रू निघाले, तिसरा गंजलेला होता म्हणून त्याने हातोडा घेतला. तेवढ्यात फटफटीचा आवाज आला.

"अक्का, थांब! ती पेटी चालली नाही. अठराच्या अठरा टीव्हींवर नुसत्या मुंग्या!" नूकराजूचा चेहरा उतरला होता. त्याने फोन लावून ढिगावर ठेवला. पलीकडे भद्रम होते; नूकराजू त्यांना बाबाय, म्हणजे काका, म्हणे.

"बाबाय, इथे दुसरा चार नाही."

"जे आहे ते वाच."

"दोन. सात. बारा. आणि आपला लोकल, नऊ."

"ती शेषम्मा सकाळपासून तांदळाला हळद लावत बसलीय," भद्रम म्हणाले. आवाज पार खचलेला. "मी तिला काय सांगू?" मग ते एकदम थांबले. "नूका, तो सिनेमाचा चार. त्याच्यावर चार कोणी लिहिला?"

"तुम्हीच. लोकांच्या घरी सिनेमा चार नंबरच्या बटणावर लागायचा म्हणून."

"म्हणजे तो बटणाचा आकडा. पेटीचा नव्हे. मग आपला नऊ?"

"नऊ म्हणजे नऊच की."

"नऊ तू करून दिलास रे गाढवा, घरोघर पेसरट्टू हाणत! पेटी नऊची होती कुठे?"

"मग कितीची होती? मालक तुम्ही!"

"मालक होतो म्हणून तर विसरलो! झाकण उघड. आत बनवणाऱ्याची काही खूण असेल."

गड्याच्या हातातला हातोडा वेंकायम्माने काढून घेतला. तिसरा स्क्रू तिने आपल्या हाताने, तेल सोडून सोडून, फिरवला. झाकण निघाले. नूकराजूने ते उन्हात धरले, डोळे बारीक केले, आणि खाली मातीतच बसला.

"बाबाय," तो म्हणाला, "पेन्सिलीनं चार लिहिलाय. खाली बाईची सही आहे."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

नवमीला दुपारी बाराच्या आधी मी आश्रमाच्या कचेरीतल्या टेबलावर होतो. चाकाच्या खुर्चीत भद्रम शेजारी बसले होते. देवळात सनई सुरू झाली होती, नवरदेवाचे गोत्र म्हणून झाले होते. नूकराजूने तारा जोडल्या. खरे सांगतो, एरवी मी कोणाला भीत नाही, पण तेव्हा भ्यालो. आठ वर्षांत माझ्या अंगातून वीज गेली नव्हती. आत काय वाळले, काय कुजले, मला तरी काय ठाऊक! बटण दाबले. एक गुंजारव उठला. कचेरीतल्या टीव्हीवर मुंग्या, मग तिरप्या रेघा, आणि मग मी नफीसा आपांच्या वेटोळ्यांवर भरवसा टाकला. सीतेच्या कपाळावरचा बाशिंगाचा मोती न् मोती दिसू लागला.

खाटांच्या दालनातून एकदम आरडाओरडा झाला. नूकराजू धावत गेला आणि हसत परत आला. शेषम्मांनी टीव्ही लागल्याबरोबर सगळे तांदूळ उधळून टाकले होते.

"मी म्हटलं, अम्मम्मा, अजून मंगळसूत्र व्हायचंय! तर म्हणते, नव्वदीत कोण वाट बघत बसतं रे? आण दुसरी मूठ!"

भद्रम हसले नाहीत. ते माझ्या पत्र्यावरून हात फिरवत होते. "तुला वजनावर दिलं रे मी," ते म्हणाले, "बघायलासुद्धा आलो नाही." माझा राग गेला तो तेव्हा.

लग्न लागल्यावर शेषम्मांनी जमिनीवरचे चिमूटभर दाणे वेचायला लावून माझ्यासाठी पाठवले. भद्रम ते माझ्या डोक्यावर घालणार तोच नूकराजू ओरडला, "बाबाय, आत गेलं तर हाही जळेल!" म्हणून त्यांनी ते कागदाच्या पुडीत बांधून माझ्या पाठीला चिकटवले. नऊ मात्र त्यांनी पुसला नाही. शेजारी खडूने लिहिले: बाहेर नऊ, आत चार.

मित्रांनो, मला आता विश्रांती नको आहे. पुढच्या नवमीचे काम ठरलेले आहे. तुमच्याकडे मागणे एवढेच, की घरातली एखादी जुनी वस्तू माळ्यावर टाकाल किंवा कोणाला द्याल, तेव्हा ती खरोखर काय करते ते तिच्या अंगावर नीट लिहून ठेवा. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही. खडूचे अक्षर फार टिकत नाही, म्हणून नूकराजू परवा रंग घेऊन आला. कोणता रंग, असे भद्रमनी विचारले.

"निळाच," तो म्हणाला. "तुमच्या जुन्या घराच्या दाराचा थोडा खरवडून बघितला आणि तस्साच आणला."