खंडेनवमीचा लाल रंग

मल्हारीच्या पोटात दुखायला लागलं ते शेठनं भिकनला मुंबईला धाडलं तेव्हापासून. सातपूरच्या त्या कपाटांच्या कारखान्यात इतकी वर्षं रंग मारला कोणी? मल्हारीनं. आणि विजेवर चालणारी नवी रंगाची बंदूक आली, तर ती शिकायला गेलं कोण? सटाण्याहून काल आलेलं पोर. घ्या!

भिकन शिकून आला तो नियमच सांगत सुटला. कपाटाचं दार ज्या आकड्याला टांगायचं, तो आकडा रोज सकाळी घासून उघड्या लोखंडावर आणायचा. नाहीतर वीज जमिनीत उतरत नाही, दारातच साठते, आणि थिनरच्या वाफेत एक ठिणगी पडली की संपलं. थिनरचा डबा रंगखोलीत ठेवायचा नाही. सगळे कान देऊन ऐकायचे. मल्हारी तेवढा बाहेर तंबाखू मळत उभा. "हा रंगारी हाय का भांडी घासणारा?" म्हणायचा.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी जो तो आपलं यंत्र धुऊन, रंगवून पूजेला मांडतो. भिकन सणाला गावी गेलेला. मल्हारीला आयतंच फावलं. त्यानं रंगखोली लख्ख केली, सगळे आकडे लालभडक रंगवले, जमिनीत गेलेल्या तारेचा चिमटासुद्धा सोडला नाही. हार घालताना शेठ म्हणाले, "हात मल्हारीचाच बरं का."

घरी त्यानं हे बायकोला दोनदा ऐकवलं. मालनबाई भाकरी थापत म्हणाली, "त्या भिकनच्या कामावर तुमचा रंग कशाला?" मल्हारी न जेवता उठला.

दसऱ्यानंतर भिकन आला, आकडे पाहिले, आणि खरवडायला बसला. मल्हारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेठ, याला माझं काम डोळ्यांत खुपतंय."

फाटकात माल न्यायला ट्रक उभा होता. शेठ वैतागले. "ऊठ भिकन. मल्हारी, तू घे बंदूक."

"मल्हारीदादा, नका," भिकन म्हणाला. "निदान दाराला हात तरी लावू नका." शेठ ऐकेनात, तेव्हा त्यानं थिनरचा डबा उचलून बाहेर नेला आणि गोणपाट भिजवून खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहिला. मल्हारी हसला. केवढं भित्रं!

बंदूक चालली. रंग आपोआप दाराच्या मागच्या कडेला जाऊन बसत होता. मल्हारीला वाटलं, हे सुख इतके दिवस त्या भिकनच्या वाट्याला होतं. "हे बघा शेठ," म्हणत त्यानं कडेजवळ बोट नेलं. टचकन ठिणगी उडाली. ओल्या रंगावरून जाळ सरसरत त्याच्या बाहीला लागला.

भिकननं आधी वीज तोडली, मग गोणपाटासकट त्याला मिठी मारली. डबा आत असता तर छप्पर राहिलं नसतं. मल्हारीची बाही गेली. हात भाजले ते भिकनचे.

आता बंदूक मल्हारीकडे आहे. भिकन दोन्ही हातांना पट्ट्या बांधून स्टुलावर बसतो. जाणारा-येणारा त्याची विचारपूस करतो, शेठच्या घरून दूध येतं, आणि काल तर मालनबाईनंही डब्यात त्याच्यासाठी वेगळा शिरा दिला. मल्हारी खाली बसून स्वतःचाच लाल रंग खरवडतो.

"झालं दादा," भिकन म्हणतो. "लोखंड दिसलं. घ्या आता बंदूक."

मल्हारी ती उचलतो. एवढा जीव टाकला होता त्यानं तिच्यावर. आणि त्याची नजर जाते ती भिकनच्या पट्ट्यांवर, अन् पुन्हा पोटात दुखायला लागतं.