महानंदाचं इष्टलिंग

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात मी एकतीस वर्षं मापाडी होतो. माझ्या काट्यावर तोललेलं पोतं सहसा कुणी दुसऱ्या काट्यावर नेलं नाही, आणि ज्यांनी नेलं ते तोंड लपवत परत आले. हे मी गर्वानं सांगतोय. गर्व वाईट म्हणतात, पण ज्याच्याकडं गर्व करण्यासारखं काही आहे त्यानं तो का करू नये? घरात मात्र माझी बायको महानंदा सगळ्यांसमोर म्हणायची की, या उमाशंकरांचं म्हणजे पडलो तरी नाक वर.

मला माझ्यापेक्षा तिचाच गर्व जास्त. उदगीरपासून अहमदपूरपर्यंत आमच्या लिंगायतांत कुणाची लेक कुठं दिली, कुणाची मावशी कुणाची जाऊ लागते, हे तिला तोंडपाठ होतं. वही नाही, पेन नाही. तिनं त्रेसष्ट सोयरिकी जमवल्या आणि त्यातली एकही मोडली नाही. अलीकडं लोक मोबाइलवर बायोडाटा पाठवायचे, तर ती म्हणायची, फोटो राहू दे, आजोळ कोणतं ते सांगा.

अशा बाईनं एका सकाळी माझ्याकडं मीठ मागताना ‘चावी द्या’ म्हटलं. मी हसलो. ती हसली नाही. आठवडाभरात असे पाच-सहा शब्द इकडचे तिकडं झाले, तेव्हा आम्ही तिला लातूरला नेलं. मेंदूचा कॅन्सर निघाला, डाव्या बाजूला. डॉक्टर समजावून सांगत होते की तिचे शब्द जातील, पण समज बराच काळ राहील. मी पहिलं अर्धंच ऐकलं. ऑपरेशन झालं, मग विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, झाले, आणि अहमदपूरच्या शाळेत शिकवणारी आमची एकुलती एक दामिनी रजा टाकून घरी येऊन राहिली.

पुढचं समजायला एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत. लहानपणी स्वामी ते बांधतात, ते जन्मभर अंगावरून उतरवायचं नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. माणूस गेला की त्याच तळहातावर ते ठेवून, त्याला बसवून माती द्यायची. एकाचं इष्टलिंग दुसऱ्यानं पूजायचं नाही.

एमआरआयच्या खोलीत चांदी चालत नाही. पहिल्या वेळी महानंदानं आपली डबी माझ्या हातात दिली आणि मी दोन्ही डब्या गळ्यात घालून बाहेर उभा राहिलो. वर्षानं पुन्हा नेलं तेव्हा ती माझा हात सोडायला तयार होईना. तिथल्या माणसानं सांगितलं, तुम्हीही आत या, पण अंगावरचं धातूचं सगळं काढा. मी दोन्ही डब्या एका रुमालात बांधून कपाटात ठेवल्या. बाहेर आलो तर डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं की आजार परत वाढलाय, आता फार दिवस नाहीत. मी तसाच गेलो, रुमाल सोडला, तिची डबी तिच्या गळ्यात बांधली, माझी माझ्या. दोन्ही डब्या लग्नात एकाच सराफाकडून घेतलेल्या, एकसारख्या. उघडून बघितलं नाही.

त्या दिवसापासून मी देवावर रुसलो. अंघोळ करायचो, डबी डोळ्यांना लावल्यासारखं करायचो आणि तशीच आत सारायचो. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

चाळीस दिवसांनी, मार्चमधल्या एका दुपारी, महानंदा गेली, आमच्या भाषेत लिंगैक्य झाली. समाधीत बसवल्यावर रुद्रेश स्वामींनी तिच्या डबीतलं इष्टलिंग काढून तळहातावर ठेवलं, वर भस्म आणि बेल वाहिला. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, हाताकडं नाही.

तिसऱ्या दिवशी रुसवा गिळला आणि पूजेला बसून डबी उघडली. आत माझं इष्टलिंग नव्हतं. माझ्याचा तळाशी एक टवका उडालेला आहे, लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडल्याचा. हातातलं होतं ते अखंड, थोडं लहान आणि पूजेनं गुळगुळीत झालेलं, म्हणजे तिचं. माझं तिच्याबरोबर मातीत गेलं होतं. 

माझी थोरली बहीण नागम्मा तेव्हा घरातच होती. मी हाक मारली, ती आली, बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग तिनंच मार्ग काढला.

“उमा, तिचं डोकं कुठं ठिकाणावर होतं रं? तिनंच अदलाबदल केली असंल.”

मी म्हणालो, “हाव.”

हो म्हणणारा एवढा एकच शब्द, पण तो दोन दिवसांत गावभर झाला. भेटायला येणारे हळहळायला लागले की बिचारीला शेवटी स्वतःचं इष्टलिंगसुद्धा ओळखू आलं नाही. जिच्या मुलाची सोयरीक महानंदानं जमवली, ती बाई माझ्याच अंगणात बसून, पार वेडी झाली होती म्हणे, असं बोलली. मी ऐकून घेतलं आणि वर तिला चहा दिला. आजही त्या चहाची मला लाज वाटते.

रुद्रेश स्वामींना विचारलं तर त्यांनी सरळ वाट दाखवली. अकराव्या दिवशीच्या आराधनेला चारचौघांसमोर झालेला प्रकार सांगा, मी तुम्हाला नवं इष्टलिंग देतो, आणि हे तिचं समाधीपाशी ठेवू. प्रकार काय सांगायचा, तो तर गावाला आधीच पाठ झाला होता.

दहाव्या दिवशी दामिनी आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती. चार दिवस ती माझ्याशी नीट बोलली नव्हती, आणि मला वाटत होतं की दुःखानं गप्प असेल. तिनं हातातली साडी खाली ठेवली.

“अप्पा, अव्वाचं डोकं गेलं होतं असं तुम्ही म्हणलाव का?”

मी म्हणालो की नागम्मा अक्का म्हणाली. ती म्हणाली, आत्यानं विचारलं, हो तुम्ही म्हणलाव. पोरगी माझीच; तिच्या मापातून सुटका नाही.

मग तिनं सगळं सांगितलं. लातूरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला अंघोळ घातली, डबी उघडून इष्टलिंग तळहातावर ठेवलं. महानंदा बघत राहिली. उलटं करून तळाच्या टवक्यावरून बोट फिरवलं. बाहेरच्या खोलीत मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो, तिकडं बोट दाखवून ती हसली. त्या दिवसांत तिला पाणी मागायला शब्द सापडत नव्हता. पण तेव्हा सापडला. ‘त्यांचं,’ म्हणाली.

दामिनी मला उठवायला निघाली, तर महानंदानं तिचं मनगट धरलं.

“मग?” मी विचारलं.

“लई वेळ लागला तिला बोलायला. एकेक शब्द हुडकून हुडकून बोलली. म्हणली, ‘सांगू नको. त्यांला चूक सोसत न्हाई.’” दामिनी रडायला लागली. “मला शपथ घातली होती अप्पा. म्हणून समाधीच्या वेळी पण गप्प राहिले. पण तुम्ही तिलाच वेडी ठरवलाव.”

नियम महानंदाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. तरी मी रुसून बसलो होतो ते चाळीस दिवस तिनं रोज सकाळी माझ्या इष्टलिंगाची पूजा केली, समजून उमजून, मला कळू न देता. घरात सगळ्यांची डोकी फिरलेली असताना एकटी तीच ठिकाणावर होती. मी तिथंच फरशीवर बसलो आणि मोठ्यानं रडलो. ती गेल्यापासून रडलो नव्हतो. आणि खरं सांगतो, रडताना मला तिचा गर्वच वाटत होता.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव होता, शंभरेक माणसं होती. स्वामींनी मला पुढं बोलावलं. नागम्मानं कानात सांगितलं, थोडक्यात बोल. मी थोडक्यात बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बोललो.

“महानंदाचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. अदलाबदल मी केली, लातूरच्या दवाखान्यात, डबी न उघडता. तिला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि मला चाळीस दिवस कळलं न्हाई. मला कमीपणा येऊ नये म्हणून ती गप्प बसली. अक्कानं विचारलं तेव्हा मी ‘हाव’ म्हणलो, ते खोटं होतं. ह्या घरात चुकलो तो मी. इथून पुढं तिला कुणी वेडी म्हणलं तर माझ्या दारात येऊ नका.”

 अंगणात तसं बोललेली ती बाई पदर तोंडाला लावून खाली बघत होती. 

स्वामींनी नव्या इष्टलिंगाचं तबक पुढं केलं. मी हात जोडले. म्हणालो, मला हेच राहू द्या, नियम मोडत असेल तर त्याचा दोष मी घेतो. तिनं माझं चाळीस दिवस सांभाळलं, मी तिचं जन्मभर सांभाळीन.

 स्वामींनी तबक मागं सारलं आणि भस्माची वाटी माझ्याकडं सरकवली.

मी गळ्यातली डबी उघडली आणि शंभर माणसांदेखत महानंदाचं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं.  तिचा आजार निघाल्यापासून चौदा महिन्यांनी माझं मन निवांत झालं, आणि मी पूजेला सुरुवात केली.