घट बसले आणि एल्क आला

शिकारीच्या परवान्यासाठी सात वर्षं अर्ज करून यंदा सोडतीत उल्हासकाकांचा नंबर लागला: एल्क या थोराड हरणाचा एकच नर मारायचा, तोही आठच दिवसांत. पण अर्जात तारखा भरताना पंचांग बघायचं राहिलं, आणि ते आठही दिवस नेमके नवरात्रात आले. अमेरिकेत, बॉथेलच्या घरात काकांनी स्वतःच्या हातांनी घट बसवले होते.

शेवटच्या दिवशी ते "नुसतं बघून येतो" म्हणत जंगलात गेले. चाळीस पावलांवर भलाथोरला नर उभा राहिला. बंदूक गाडीत होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमीला रेखाकाकूंनी बंदुकीला झेंडू वाहिला.

"आता परत सात वर्षं," काका पुटपुटले.

"मग मारायचात की! मी कुठे नको म्हटलं होतं?"