डोक्यातून उगवलेलं ग्राफीन

हातात सदा चिमटा आणि जिभेवर त्याहून बारीक चिमटे, म्हणून प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटी म्हणत. तिचं काम तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफीन पिकवायचं, म्हणजे जेमतेम एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर. त्यासाठी प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर एक खास प्लास्टिक लांबून मागवत. ते संपलं आणि भट्टी तीन आठवडे थंड पडली.

"सर, कार्बन तर कशातही असतो. दुसरं काही टाकून बघू या का?"

"शुद्धातूनच शुद्ध निघतं," सर म्हणाले. "नाहीतर उद्या माझ्या केसांतूनही काढशील!"

सगळे खो खो हसले. चिमटी तेवढी विचारात पडली. तिचा सख्खा मामा समोरच्याच गल्लीत केस कापायचा आणि सर त्याचं जुनं गिऱ्हाईक.

"मामा, सर येऊन गेले की त्यांचे केस बाजूला काढून ठेव ना."

मामाची कात्री हवेतच थांबली. "अगं, जादूटोणा करतेस की काय त्या बिचाऱ्यावर?"

"विज्ञान आहे रे!"

"असेल बाई. पण त्या माळरानावर पीक किती येतं ते ठाऊक आहे ना? नंतर कुरकुर चालणार नाही."

शनिवारी मामानं कागदाची पुडी हातावर ठेवली. चिमटीनं त्यातले चिमूटभर केस पत्र्यावर ठेवले, पत्रा भट्टीच्या नळीत सरकवला, हायड्रोजन सोडला आणि भट्टी हजार अंशांच्या वर नेली. पंधरा मिनिटांनी पत्र्यावर काळी राख उरली होती. हवं होतं ते मात्र पत्र्याच्या पाठीवर. घाण सगळी वरच अडकली आणि कार्बन तेवढा खाली जाऊन बसला होता.

सोमवारी थराच्या तपासणीचा आलेख बघून सर भलतेच खूश झाले. थरात दोष असला की आलेखावर एक टोक वर येतं. इथं त्याचा मागमूस नव्हता.

"याला म्हणतात अस्सल माल! आलं वाटतं प्लास्टिक?"

"नाही सर."

"मग हे कुठून निघालं?"

"तुमच्याच डोक्यातून."

सर चक्क लाजले. "छे छे, मी आपलं नुसतं मार्गदर्शन..." तेवढ्यात त्यांची नजर वहीवर गेली. 'नमुना: सरांचे केस.' त्यांचा हात आपोआप डोक्यावर गेला.

सरांनी चष्मा पुसला. आलेख पाहिला, वही पाहिली, पुन्हा आलेख पाहिला.

"एकदा जमलं तर योगायोग," ते शेवटी म्हणाले. "तीनदा जमायला हवं. केस उरलेत का?"

"मामानं दिले होते तेवढे संपले."

सर स्टुलावर बसले आणि मान खाली घातली. "काप. पण जरा मागून."

पत्रा कापायच्या कात्रीनं चिमटीनं काम उरकलं. पुढचे दोन्ही थर निर्दोष आले. सरांच्या मागच्या बाजूला मात्र असं काही खिंडार पडलं, की फाटकावरूनही दिसावं.

"आता दुसऱ्या कुणाचे तरी घेऊन बघू," म्हणत सर कात्रीसकट प्रयोगशाळेच्या दाढीवाल्या मेकॅनिककडे वळले. तो मागच्या दारानं केव्हाच पसार झाला होता.