पथ्य सुटलं त्या दिवशी

आईचं हृदय थकलं तेव्हा डॉक्टरांनी आधी मीठ बंद केलं, मग खायचा सोडा. मिठाचं तिने फारसं मनावर घेतलं नाही. सोडा गेला म्हणजे आपला ब्रेड गेला, हे मात्र तिला लागलं.

तरुणपणी आई एका वसतिगृहात शिवणकाम करायची. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे. तिथलं स्वयंपाकघर एका आयरिश बाईंकडे होतं. त्यांच्याकडून ती हा सोडा ब्रेड शिकली. यीस्ट नाही, पीठ फुगायची वाट बघणं नाही, तिंबणं नाही. पीठ, मीठ, सोडा आणि आंबट ताक, एवढंच. ताक पडलं की थांबायचं नाही. हलक्या हाताने सगळं एकत्र आणायचं, वर सुरीने खोल फुली मारायची आणि लगेच ओव्हनमध्ये सरकवायचं. "या पिठाशी फार लाडीगोडी केली की ते रुसतं," असं ती म्हणायची. आमचे रविवार त्या वासानेच उजाडायचे.

डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं, त्याच दिवशी मीही सोडलं. माझे नेम तसे लहानपणापासूनचे; दादा मला नेमाबाई म्हणून चिडवतो. पण हा नेम मी देवाशी बोलून धरला होता. आई बरी होईपर्यंत अळणी. आईला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "तू अळणी खाल्लंस म्हणून माझ्या पायातलं पाणी तुझ्या पायात जाणार आहे का?"

"गेलं तर बरंच," मी म्हटलं.

"नको गं बाई. दोघी सुजलो तर दार कोण उघडणार?"

तिच्यासाठी मी बिनमिठाचा, बिनसोड्याचा ब्रेड करायचे. तो फुगायचा नाही. बसका, घट्ट, वर फुलीची नुसती रेघ. पहिला बघून आई म्हणाली होती, "हा दाराला लावून ठेव. वाऱ्याने आपटतं ते." पण मग रोज सकाळी दुधात भिजवून तोच खायची, एक कणही टाकायची नाही. मला वाटायचं, ती खातेय तोवर सगळं आपल्या हातात आहे.

गेल्या आठवड्यात तपासणीनंतर डॉक्टरांनी दादाला आणि मला बाहेर बोलावलं. "आता पथ्याचा फार आग्रह धरू नका," ते म्हणाले. "त्यांना जे आवडतं ते खाऊ द्या."

दादाचा चेहरा खुलला. "म्हणजे बरं आहे ना?"

डॉक्टरांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि "घरीच ठेवा, त्रास होऊ नये एवढं बघू आपण," म्हणाले. दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. दिवसभर खोल विहिरीसारख्या अंधारात लोंबकळतो, कशाला घाबरत नाही. त्या दिवशी मात्र तो जिन्याच्या पायरीवर मटकन बसला.

"आईला काही सांगायचं नाही," उठता उठता तो म्हणाला. "तब्येत सुधारली म्हणून पथ्य सुटलं, एवढंच सांगायचं."

"आणि तिने खोदून विचारलं तर?"

"मी बोलेन. तू गप्प बस. तुझ्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं."

मी हो म्हटलं. आईचे उरलेले दिवस हसतखेळत जावेत, यापलीकडे मलाही काही नको होतं.

आज दुपारी मी ओव्हन तापत ठेवला. कपाटात मागे गेलेली सोड्याची बरणी काढली, चिमूटभर सोड्यावर ताक टाकून बघितलं. फेस आला. सोडा जिवंत होता. पिठात मीठ घातलं. इतके दिवस चोरासारखं लपवून ठेवलेलं मीठ आता मीच उघड्यावर घालत होते. ताक ओतलं, गोळा केला, फुली मारली. बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला, "आज परातीचा आवाज वेगळा येतोय. काय चाललंय?"

"ब्रेड."

"तो तर रोजचाच."

ब्रेड फुगला. फुली उमलली, कडा सोनेरी झाल्या. उलटा करून तळाशी बोटाने वाजवलं तर पोकळ, पक्का आवाज. टॉवेलमध्ये गुंडाळून मी तो आईपुढे नेला. तिने टॉवेल बाजूला करून आधी वास घेतला. मी एक तुकडा तोडून लोणी लावून दिला.

ती चावत राहिली. मग चावायची थांबली.

"यात मीठ आहे."

"हो."

"सोडाही आहे."

"डॉक्टरांनी परवानगी दिली. तुझी तब्येत सुधारली ना, म्हणून." वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. बरं जमलं असं वाटलं.

आईने मान हलवली. आणखी एक घास खाल्ला. मग दुसरा तुकडा तोडला, त्याला जाड लोणी लावलं आणि माझ्यापुढे धरला.

"घे. मी बरी झाले, तुझा नेम फिटला. खा."

मी तुकडा हातात घेतला. गरम होता. आईशी खोटं बोलणं मी पत्करलं होतं. त्याचा हिशेब देव माझ्याकडून घेईल तेव्हा घेईल. पण ज्याच्यापाशी शब्द दिला, त्यालाच 'आई बरी झाली' असं सांगून तोंडात घास कसा घालायचा? हात ओठांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. लोणी वितळून मनगटावर आलं.

आई बघत होती. घाई केली नाही तिने.

"ठेव," ती हळूच म्हणाली. "ठेव ताटलीत."

मी ठेवला. मला रडायचं नव्हतं, तरी आलंच. आईने पदराने माझं मनगट पुसलं, लहानपणी शाईने भरलेलं पुसायची तसं.

"किती दिवस म्हणाले?"

"ते काही बोलले नाहीत. त्रास होऊ द्यायचा नाही म्हणाले."

"बरं." ती खिडकीकडे बघत राहिली. समोरच्या घरात कुणीतरी गादी झटकत होतं. "मला वाटलंच होतं. माणूस सुधारत असला की पथ्य चालू ठेवतात गं, सोडत नाहीत. दादाला ठाऊक आहे?"

"हो. त्यानेच सांगितलं, तुला कळू द्यायचं नाही."

"मग त्याला कळू देऊ नकोस, की मला कळलंय. तो वरून दांडगा, आतून नुसता कापूस आहे."

"आई, आणि माझा नेम?"

"चालू दे. बरी काही मी होत नाही. पण कुणीतरी माझ्यासाठी रोज मागतंय, हे बरं वाटतं."

संध्याकाळी दादा कामावरूनच थेट आला, हाताला ग्रीस तसंच. दारातूनच मोठ्याने म्हणाला, "वा, घरभर वास सुटलाय. बघ आई, डॉक्टर खूश आहेत तुझ्यावर. पथ्य बंद, मज्जा सुरू."

"हो ना. हीही तेच सांगत होती."

"पुढच्या महिन्यात तुला माझ्याकडे गच्चीवर नेतो. खुर्ची टाकू, चहा पिऊ."

"आधी तुझ्या इमारतीची लिफ्ट नीट कर. मागच्या वेळी मधेच अडकवलं होतंस मला."

दादा हसला. जरा जास्तच हसला. त्याने उभ्याउभ्याच दोन तुकडे खाल्ले. मग माझ्याकडे बघितलं. "नेमाबाई, तू नाही खात?"

"तिचं पोट बिघडलंय," आई पटकन म्हणाली. "तू खा. बस आधी, ग्रीस लागेल गादीला."

"लोणी आणतो," म्हणत तो आत गेला. लोणी तर आईच्या पुढ्यातच होतं. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि बंद होईना.

मी उठणार तेवढ्यात आईने माझा हात धरला.

"नको जाऊस," ती म्हणाली. "तोंड धुऊन येईल तो."

तिने ब्रेडचा मधला मऊ भाग तोडून त्याच्यासाठी ताटलीत काढला, त्यावर लोणी पसरलं आणि ताटली दाराच्या बाजूला सरकवून ठेवली.